मरहूम पतीचा थकलेला आयकर : बेवेने किती भरायचा?

घरातला कर्ता माणूस गेला की इद्दत संपायच्या आत कागद यायला लागतात. बँकेचा हप्ता, दुकानाची उधारी आणि कधी कधी आयकर खात्याची नोटीस. मरहूमच्या डोक्यावर कर्ज राहू नये, ही आपल्या घरांतली तळमळ रास्तच आहे. पण नोटिशीच्या भीतीने काही भगिनी स्वतःचे दागिने विकायला निघतात. तसं करण्याआधी कायदा काय सांगतो ते समजून घेऊ. शाळेत पालकांचे अर्ज-दाखले भरून देताना आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

देणं मालमत्तेतून, बेवेच्या खिशातून नाही

आपल्या देशात नवरा-बायको आयकर वेगवेगळा भरतात. त्यामुळे केवळ बायको म्हणून नवऱ्याचा कर तिच्यावर येत नाही. ती वारस असते, म्हणून तिला विचारणा होते. आयकर कायदा १९६१ च्या कलम १५९ प्रमाणे वारसाची जबाबदारी मरहूमने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हेच तत्त्व आहे.

समजा, कराची मागणी ९ लाखांची आहे आणि मरहूमची सगळी मालमत्ता ६ लाखांची. तर वसुली ६ लाखांपर्यंतच. वरचे ३ लाख बेवेच्या पगारातून, माहेरच्या सोन्यातून किंवा तिच्या स्वतःच्या बचतीतून मागता येत नाहीत.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नवऱ्याने काहीही मोबदला न घेता बायकोच्या नावे केलेली मालमत्ता त्याच्या कराच्या वसुलीत धरली जाऊ शकते. मेहरच्या बदल्यात घर किंवा जमीन दिली असेल तर दस्तात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. निकाहनामाही जपून ठेवा. दुसरं म्हणजे, बँकेच्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर ते देणं तुमचं स्वतःचं आहे. तिथे ही मर्यादा लागत नाही.

आधी देणी, मग वाटणी

शरीयतमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से. सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतीत वाटणी ही वसीयत आणि कर्जानंतरच सांगितली आहे. न दिलेला मेहर हेसुद्धा नवऱ्यावरचं कर्जच. तो बेवेच्या हिश्श्यात (मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा) मिसळायचा नाही, वेगळा मागायचा. कर आणि मेहर दोन्ही बाकी असून मालमत्ता अपुरी पडत असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

आयकर कायदाही हाच क्रम धरतो. कर बाकी असताना वारसाने मालमत्ता विकली, गहाण ठेवली किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरता तो स्वतः जबाबदार ठरतो. म्हणून दीर किंवा जेठ कितीही घाई करोत, कराचा हिशेब होईपर्यंत वाटणी थांबवा.

नोटीस आली तर काय करायचं?

१. नोटीस ठेवून देऊ नका. इद्दतचे ४ महिने १० दिवस हे मुदत वाढण्याचं कारण आपोआप होत नाही. उत्तर मात्र घरबसल्या ऑनलाइन देता येतं किंवा सीएमार्फत पाठवता येतं.

२. ई-फायलिंग पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा. मृत्यू दाखला, दोघांची पॅन कार्डं आणि वारस असल्याचा पुरावा लागतो.

३. मरहूमच्या नावाने रिटर्न भरा. १ एप्रिलपासून इंतकालाच्या दिवसापर्यंतची कमाई त्यांच्या रिटर्नमध्ये आणि त्यानंतरची ज्या वारसाकडे आली त्याच्या रिटर्नमध्ये. परतावा निघत असेल तर तोही वारसाला मागता येतो.

४. इंतकालानंतर नवी नोटीस मरहूमच्याच नावाने आली, तर मृत्यू दाखला जोडून लेखी कळवा. अशी नोटीस अनेक उच्च न्यायालयांनी बेकायदा ठरवली आहे. हयातीत सुरू झालेली कारवाई मात्र वारसावर पुढे चालू राहते.

५. मागणी चुकीची वाटली तर साधारण ३० दिवसांत अपील करा. रक्कम मान्य असेल पण एकदम भरणं शक्य नसेल, तर हप्ते मागता येतात. खरी अडचण असेल, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल आणि चौकशीत सहकार्य केलं असेल, तर व्याज माफ किंवा कमी करण्याचा अर्जही करता येतो.

हयातीतच करण्याची गोष्ट

नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली बायको-मुलांसाठी काढला, तर ती रक्कम त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही. देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी काढला असेल तर गोष्ट वेगळी. हे कलम मुस्लिमांनाही लागू आहे. विमा घ्यावा की नाही, यावर आपल्या आलिमांचं मत जरूर विचारा.

त्याहून सोपं काम आजच होऊ शकतं. कुठलं कर्ज आहे, रिटर्न कोण भरतं, कागद कुठल्या कपाटात आहेत, हे एका वहीत लिहून ती वही बायकोच्या हाती द्या. उद्या नोटीस आलीच, तर पहिलं उत्तर त्या वहीतूनच मिळेल.