पाच रुपयांचा परवाना आणि दुपारचं ताट

भंडारा जिल्ह्यात आयरिश पब नाही. दुपारी पोटभर जेवावं आणि त्याआधी एक थंड बिअर घ्यावी, एवढीच इच्छा असलेल्या माणसाला इथे दार सापडतं ते परमिट रूमचं. भंडारा, लाखनी, साकोली ही गावं नागपूर-रायपूर महामार्गावर ओळीने लागतात. पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘परमिट रूम व बिअर बार’. काचा काळ्या, आत भरदुपारी दिवे. तालुक्याला कामासाठी आलेला शेतकरी, धानाचा व्यापारी, औषध कंपनीचा एमआर, सुट्टीवर आलेला जवान, सगळे त्याच अर्धवट उजेडात बसतात.

या खोलीचा जन्म दारूबंदीतून झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि तिथे १९३८ पासून स्वतंत्र दारूबंदी कायदा होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा कायदा इकडेही लागू झाला. मधल्या काळात, १९५१ साली, बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची काही कलमं रद्द केली, पण गाभा कायम ठेवला. तो गाभा आजही कायम आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. पूर्वी तो प्रकृतीच्या कारणावरून, डॉक्टरच्या दाखल्यावर मिळे. पुढे अटी सैल झाल्या आणि हॉटेलातल्या ज्या खोलीत परवानाधारकाने बसून प्यावं, ती परमिट रूम ठरली.

थांबून पाहावी अशी वस्तू म्हणजे गल्ल्याजवळच्या खणातलं एका दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक. विदेशी मद्यासाठी परवान्याची किंमत पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षभराचा शंभर रुपयांत, आयुष्यभराचा हजारात. बिअरसाठी वय एकवीस पूर्ण हवं, कडक दारूसाठी पंचवीस. बाटली फुटण्याआधी ही चिठ्ठी फाटली पाहिजे, असा नियम. प्रत्यक्षात किती गिऱ्हाइकांनी ती कधी हातात धरली आहे? बहुतेकांना ती असते हेच ठाऊक नसतं. तरीही हा कागद निरुपयोगी नाही. समोरच्या पोराचं वय विचारण्याची ती एकमेव अधिकृत संधी आहे. मॅनेजरने ती मनापासून वापरली, तर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पहिल्या टेबलावरूनच परत जातील.

हा कागद विसरला गेला तरी खोली चालते ती वेटरच्या जिवावर. त्याच्याकडे नीट पाहावं. ‘थंडी हाय का जी?’ असं कुणी विचारलं की तो फ्रिजमधून बाटली काढतो, तळव्याने गारवा जोखतो, फडक्याने अंगावरचं पाणी पुसतो आणि लेबल गिऱ्हाइकाकडे करून उभी ठेवतो. झाकण गिऱ्हाइकासमोरच उघडायचं, हा या धंद्यातला सचोटीचा भाग. मग ग्लास तिरका धरून बिअर कडेने सोडायची, म्हणजे फेस बेताचा राहतो. कुणाची क्वार्टर, कुणाची नाइन्टी, कोणत्या टेबलावर चकण्याची दुसरी वाटी गेली, हे सगळं त्याच्या डोक्यात. तिसऱ्या बाटलीला ‘आता जेवण लावू का, भाऊ?’ असं विचारणारा वेटर घरच्या माणसाइतका मोलाचा असतो. तो प्रश्न विक्री कमी करतो, म्हणूनच त्याचं कौतुक.

आणि जेवण? सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून निघालेला हा स्वयंपाक नागपूर-भंडाऱ्याकडचा. खसखस, दगडफूल, काळा मसाला, वर लाल तर्री. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, शेवटी भात. भंडारा तर धानाचाच जिल्हा, इथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. वैनगंगा आणि गावोगावच्या मालगुजारी तलावांमुळे मासळीलाही तोटा नाही. हे ताट समोर असलं की बिअर दुय्यम होते, आणि तसंच व्हायला हवं.

पिण्यावर किती बंधनं घालावीत, या प्रश्नाशी आयर्लंडनेही झगडा केला आहे. १९२७ च्या कायद्याने तिथल्या शहरांतले पब दुपारी तासभर बंद ठेवले जात, लोकांनी कामावर परत जावं म्हणून. गुड फ्रायडेची बंदी तर २०१८ मध्ये उठली. पण पबची जागा सन्मानाची राहिली, आणि आज तिथे कुटुंबालाही आत जाता येतं.

इथली अडचण वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दारूविक्री थांबली. अंतराची अट सर्वसाधारणपणे ५०० मीटर, वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावात २२०. ज्यांचं सारं गिऱ्हाईकच रस्त्यावरचं, त्यांच्या शटरला कुलूप लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका हद्दीत ही बंदी लागू नसल्याचा खुलासा झाला. पण वाहनचालकाला दारू सहज मिळू नये, हा त्या आदेशामागचा हेतू रास्तच होता.

दुसरा धाक गावाचा. महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी निवडली, तर दुकान बंद. ज्या घरात मजुरीचा पैसा गुत्त्यात जातो, तिथल्या बाईच्या हातात याहून नेमकं हत्यार कोणी दिलेलं नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून पूर्ण बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. भंडारा या दोन्ही प्रयोगांच्या कडेला उभा आहे.

तिसरी अडचण कराची, आणि तीच सगळ्यात जास्त टोचते. परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून पाचावरून दहा टक्के झाला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट झालं. बिअर त्यातून सुटली. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या हजारो बार-परमिट रूमनी बंद पाळला. मालकांचा नफा हा त्यांचा प्रश्न, पण टेबलावरचा हा दहा टक्के व्हॅट काउंटरवरून बाटली नेणाऱ्याला भरावा लागत नाही. मग माणूस बाटली घेतो आणि कालव्याच्या पाळीवर, शेताच्या बांधावर, मोटारसायकल उभी करून उपाशीपोटी पितो. तिथे वय विचारणारा नसतो, ‘जेवण लावू का’ म्हणणारा नसतो. बाटली तिथेच फुटते आणि काचा धानाच्या बांधीत जातात.

सरकारने महसूल जरूर घ्यावा. पण ताटाजवळ बसून पिणाऱ्याला काउंटरवाल्याहून महाग पडेल अशी रचना बदलावी. परमिट रूमच्या मालकांनी काळ्या काचा काढाव्यात आणि परवान्याचं पुस्तक खणातून टेबलावर आणावं. आणि उत्पादन शुल्क खात्याने नवा परवाना देताना आधी त्या हॉटेलचं स्वयंपाकघर पाहावं.