उद्दिष्टाचा आकडा आणि कारकुनाची नीती

एखाद्या संस्थेतील गैरव्यवहार उघडकीस आला, की ‘हे काही अप्रामाणिक कर्मचाऱ्यांचे कृत्य होय’ असा खुलासा तत्परतेने करण्यात येतो. संस्था निर्दोष, माणसे तेवढी वाईट, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेचे प्रकरण या खुलाशाचा पोकळपणा दाखविण्यास पुरेसे आहे.

प्रत्येक ग्राहक-कुटुंबाला खाते, क्रेडिट कार्ड, कर्ज अशा आपल्या किमान आठ सेवा विकाव्यात, असे उद्दिष्ट या बँकेने ठरविले होते. आठच का? इंग्रजीत ‘एट’चे ‘ग्रेट’शी यमक जुळते म्हणून, असे उत्तर बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी २०१०च्या वार्षिक अहवालात दिले होते! प्रत्यक्षात ही सरासरी सहाच्या आसपासच घुटमळत राहिली. परंतु शाखेतील कर्मचाऱ्याला यमकातून जन्मलेल्या या आकड्याचा हिशेब दररोज द्यावा लागे. गरज नसलेल्या ग्राहकाला सेवा विकता येईना, तेव्हा ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावे खाती उघडली जाऊ लागली.

लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने २०१३ मध्ये या प्रकाराला वाचा फोडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा अशा संशयास्पद खात्यांची संख्या सुमारे २० लाख होती; पुढील वर्षी तो अंदाज ३५ लाखांवर गेला. त्यापूर्वीच्या पाच वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले होते. एकाच संस्थेत इतकी माणसे योगायोगाने अप्रामाणिक निघतात, यावर कोण विश्वास ठेवील?

या कर्मचाऱ्यांपुढील पेच साधा नव्हता. आकडा गाठला नाही तर नोकरी जाण्याची भीती. खोट्या मार्गाने गाठला आणि उघडकीस आला तरी तीच गत. तक्रारीसाठी बँकेने दूरध्वनीची सोय केली होती. परंतु तिचा उपयोग केला म्हणूनच आपल्याला काढून टाकण्यात आले, असे अनेकांनी सांगितले. गैरव्यवहारांची तक्रार करणाऱ्या एका बडतर्फ व्यवस्थापकाला पुन्हा कामावर घेऊन सुमारे ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकेच्या श्रम खात्याला एप्रिल २०१७ मध्ये काढावा लागला.

उद्दिष्टांशिवाय मोठी संस्था चालत नाही, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. कामाचे मोजमाप नसेल तर आळशी व कष्टाळू यांच्यात भेद राहत नाही. मात्र जे साध्य होणे दुसऱ्याच्या गरजेवर व संमतीवर अवलंबून आहे, त्याची सक्ती कनिष्ठांवर केली, की ती सक्ती असत्याचीच होते. आणि त्या असत्यातून फुगलेल्या आकड्यांचे श्रेय व मोबदला मात्र वर जातो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. बँकांनी ग्राहकांच्या गळ्यात नको असलेला विमा मारू नये, आपल्या मूळ कामाकडे लक्ष द्यावे, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांना सांगावे लागले. कर्ज मागण्यास गेलेल्या माणसापुढे विम्याचा अर्ज सरकविणारा कारकून तो स्वखुशीने सरकवितो असे नव्हे. त्याच्या पाठीशीही कुणाचा तरी आकडा उभा असतो.

वेल्स फार्गोने अखेर २०१६ मध्ये विक्रीची ही उद्दिष्टेच रद्द केली. दोष कोठे होता, याची याहून स्पष्ट कबुली नाही. स्टम्फ यांना १ कोटी ७५ लाख डॉलरचा दंड व बँक व्यवसायात कायमची बंदी झाली, ती मात्र २०२० मध्ये. हजारो कनिष्ठांच्या नोकऱ्या गेल्यानंतर कित्येक वर्षांनी. नीतिनियमांच्या पुस्तिका सर्वच संस्था छापतात. ‘उद्दिष्ट पूर्ण झाले नाही’ असा खरा अहवाल देणाऱ्याची नोकरी जेथे शाबूत राहते, तेथेच त्या पुस्तिकेला काही अर्थ असतो.