हँडल वाकडे, पण पाइप सरळ!

पावसाळा लागला की घसरून पडलेल्या मोटारसायकली गॅरेजमध्ये येऊ लागतात. चाक सरळ धरले तर हँडल एका बाजूला वळलेले, ही नेहमीची तक्रार. उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेले असते: "शॉकअपचे पाइप वाकलेत, जोडी बदलावी लागेल." आम्हालाही एका गॅरेजात हेच ऐकवण्यात आले. दुसऱ्या एका उस्तादांनी मात्र एकही भाग न बदलता गाडी सरळ करून दिली. त्यांची रीत कारागीर बांधवांना उपयोगी पडेल.

पाइप वरच्या व खालच्या टीमध्ये केवळ बोल्टच्या पकडीने धरलेले असतात. हलक्या पडझडीत या टी एकमेकींच्या तुलनेत फिरतात आणि पाइप तिरपे होतात. लोखंड वाकलेले नसतेच. ओळखण्यासाठी काचेचा एक जाड, सपाट तुकडा पुरे. दोन्ही टींच्या मधल्या जागेत तो दोन्ही पाइपांवर आडवा टेकवावा. डुगडुगला तर पीळ आहे.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. दोन्ही टीचे बोल्ट, मधला वरचा नट, मडगार्ड आणि अॅक्सल सैल करावेत, काढू नयेत. चाक गुडघ्यांत धरून हँडल जागेवर आणावे, काच पुन्हा लावून पाहावी. आधी खालची टी, मग मधला नट, मग वरची टी आवळावी. गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खाली दाबावेत. अॅक्सल व मडगार्ड त्यानंतरच आवळावे. घाई करणारे नेमके इथेच चुकतात, आणि शॉकअप अडकत चालतात.

एवढे करूनही काच डुगडुगली तर पाइप काढून काचेवर लोळवावा. खालून उजेडाची फट कमी-जास्त दिसली तर तो खरोखर वाकला आहे. ज्याला घडी पडली आहे असा पाइप प्रेसवर सरळ करून कदापि बसवू नये. जोरात ब्रेक लागला की तो तिथेच मोडू शकतो, आणि वर माणूस बसलेला असतो.

हँडल सरळ असून गाडी डुलत असेल तर टायरची हवा पाहावी, मग कोनसेट. फार आवळला तर गाडी हळू चालताना डुलते, ढिला असेल तर ब्रेक मारताच खटखट होते. चाक उचलून हँडल फिरवताना मध्येच अडकले, तर रेसला खड्डे पडलेत, कोनसेट बदलावा. मागचे चाक पुढच्याच्या रेषेत आहे की नाही, हे दोरी लावून पाहावे. चेनच्या खुणांवर विसंबू नये.

पाइपच्या जोडीवर सुटणारे चार पैसे यात जातात, हे खरे. म्हणून हे उस्ताद अलाइनमेंटची मजुरी वेगळी सांगतात आणि काच लावून गिऱ्हाइकाला आधीचा व नंतरचा फरक दाखवतात. आम्हालाही दाखवला. त्या मजुरीवर आम्ही घासाघीस केली नाही.