शाळेच्या बागेत सफेद मुसळी

थंड हवेच्या देशांत ॲस्टिल्बी नावाचे फुलझाड सावलीत व ओलसर मातीत लावतात. त्याला पिसासारखे तुरे येतात. थंडीत त्याची पाने वाळतात, पण जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो. तीन-चार वर्षांनी तो काढून, प्रत्येक तुकड्याला डोळा ठेवून त्याचे भाग करतात व पुन्हा लावतात. आपल्या तिरोडीच्या मे महिन्यातील उन्हात हे झाड टिकणे कठीणच. मात्र याच रीतीने वाढणारी आणि पांढऱ्या फुलांची एक वनस्पती आपल्या सातपुड्याच्या जंगलांतच आहे. ती म्हणजे सफेद मुसळी.

तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. मुंबईजवळच्या बोरिवलीवरून हे नाव पडले. सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात ते दिले. कुंडीत लावतात ते स्पायडर प्लांट हिचेच भावंड. पिवळ्या फुलांची काळी मुसळी मात्र वेगळी.

पहिल्या पावसाबरोबर मुसळीची पाने जमिनीतून वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या दांड्यावर पांढरी फुले लागतात. नंतर कांद्याच्या बियांसारखे काळे बी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडून गळतात, पण खाली बोटांसारख्या जाड मुळांचा झुपका राहतो. औषधात वापरतात ती हीच मुळे.

अडचण येथेच आहे. मुसळी जंगलात ओळखू येते ती फक्त पाने असताना, म्हणून ती भर पावसाळ्यात उपटली जाते. तेव्हा मुळे पोसलेली नसतात आणि बीही पडलेले नसते. त्यामुळे सोडणाऱ्याला पैसे कमी मिळतात आणि पुढच्या वर्षी त्या जागी झाडही उगवत नाही. अति उपशाने जंगलातील मुसळी विरळ झाली आहे.

लागवडीची रीत सोपी आहे :

१. मुसळीला ओल हवी, पण साचलेले पाणी नको, कारण त्यात मुळे कुजतात. म्हणून फूटभर उंच गादीवाफा करावा. त्यात भुसभुशीत माती व कुजलेले शेणखत घालावे.

२. मुळांचा झुपका जेथे एकत्र येतो, तेथे चकतीसारखा भाग असतो. कोंब याच भागातून फुटतो. भाग करताना प्रत्येक तुकड्याला चकतीचा थोडा अंश व दोन-तीन मुळे राहिली पाहिजेत. चकती नसलेले मूळ कितीही जाड असले तरी उगवत नाही.

३. जूनमध्ये, शाळा उघडते त्या सुमारास, ओळींत एक फूट व रोपांत सहा इंच अंतर ठेवून लावावे. चकती वरच्या बाजूस राहावी व मातीने जेमतेम झाकावी.

४. पाने गळाल्यावर घाई करू नये. मुळांची साल गडद तपकिरी होऊ द्यावी. बियाण्यासाठी ठेवलेली मुळे मार्चपर्यंत जमिनीतच राहू द्यावीत व नंतर सावलीत, कोरड्या वाळूत ठेवावीत.

बियांपासूनही रोपे होतात, पण बी फार कमी उगवते. म्हणून भाग करून लावणेच बरे.

पालकांना एक सूचना. सन २०००च्या आसपास महाराष्ट्र व मध्य प्रदेशात मुसळीची रोपे चढ्या भावाने विकली गेली. माल परत विकत घेण्याची आश्वासनेही दिली गेली. पुढे भाव कोसळले व कित्येक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ओले मूळ सोलून वाळवल्यावर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, हे हिशेब करताना लक्षात ठेवावे. तसेच वैद्यांच्या सल्ल्याशिवाय मुलांनी ही मुळे खाऊ नयेत.

शाळेच्या बागेसाठी दोन वाफे पुरेत. विश्वस्त मंडळींनी तेवढी जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे. बियाणे लागवडीचेच आणू, जंगलातून उपटून नव्हे. दर वर्षी एका वाफ्याची मुळे काढून भाग करू आणि दुसऱ्या वाफ्याला हात लावणार नाही. जी मुले येथे चकती ओळखायला शिकतील, ती जंगलातही मुसळी उपटण्याआधी थांबतील.