मीठ मागणारा मुलगा

बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी १९४० साली साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. त्याला मिठाचं वेड होतं. खारट बिस्किटावरचं मीठ तो चाटून घ्यायचा. बोलायला लागल्यावर जे मोजके शब्द पहिल्यांदा शिकला, त्यांत ‘मीठ’ होताच. तपासणीसाठी रुग्णालयात ठेवलं, तिथे इतरांसारखं नेहमीचं जेवण सुरू झालं आणि आठवड्याभरात तो दगावला. दोष निघाला अधिवृक्क ग्रंथींत.

मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिचा गाभा अ‍ॅड्रेनलिन तयार करतो. रात्री गल्लीत कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते, ती त्याचीच करामत. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध रूपात मिळवलं, तेव्हापासून सगळं नाव गाभ्याचं. हा जरा अन्यायच! गाभ्यावाचून माणूस जगतो. बाहेरचं आवरण निकामी झालं, तर औषधाशिवाय जगत नाही.

आवरणातलं अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडांना सोडियम परत ओढून घ्यायला लावतं. ते नसलं की लघवीवाटे मीठ जातं, मागोमाग पाणी जातं, रक्तदाब कोसळतो. ते पोर हट्ट करत नव्हतं, गळती भरून काढत होतं.

आवरणातूनच कॉर्टिसॉल येतं. पहाटे चढतं, रात्री उतरतं आणि आजारपणात रक्तदाब नि साखर सावरून धरतं. त्यासाठीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका सोडते. आवरण दाद देईनासं झालं की ती हुकमांवर हुकूम सोडत राहते, आणि त्यांनी त्वचेतल्या रंगपेशीही चेतवल्या जातात. मग तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये असेच काळवंडलेले, गळून गेलेले रुग्ण नोंदवले. त्यांतल्या कित्येकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. आपल्याकडचे डॉक्टर आजही अशा रुग्णात क्षयाची शंका घेतात.

याच्या उलट प्रकार स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. महिनोन्‌महिने त्या घेतल्या की पियुषिका हुकूम सोडायचं थांबवते, ग्रंथी आकसते. सांधे मोकळे झाले म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या, की उलट्या, अशक्तपणा, कधी थेट अतिदक्षता विभाग. म्हणून डॉक्टर दहाच्या साडेसात, साडेसाताच्या पाच मिलिग्रॅम असं उतरवत नेतात. सुस्तावलेली ग्रंथी पुन्हा कामाला लागायला कधी कधी वर्षही घेते.