फ्रेजल व्हर्ब पाठ का होत नाहीत? मराठीच्या आधाराने शिकवण्याची एक सोपी वाट



गाईडच्या शेवटच्या पानांवर एक यादी असते, 'महत्त्वाचे शंभर फ्रेजल व्हर्ब'. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. मुलं ती घोकतात, चाचणीत लिहूनही येतात. पण पंधरा दिवसांनी विचारलं, तर 'लुक आफ्टर' म्हणजे शोधणे की काळजी घेणे, यात गोंधळ झालेलाच असतो. बोलताना तर त्यातलं एकही तोंडात येत नाही. मग आपण म्हणतो, "मराठी माध्यमाची मुलं आहेत, यांना इंग्रजी अवघडच जाणार." पालकही तेच ऐकतात आणि पुढच्या वर्षी मुलाला कुठे घालायचं याचा विचार सुरू होतो.

या लेखात मला उलटं सांगायचं आहे. फ्रेजल व्हर्ब शिकायला मराठी बोलणारं मूल चांगल्या तयारीनं येतं. कारण हाच खेळ ते घरी रोज मराठीत खेळत असतं. आपण तो त्याला दाखवून देत नाही, एवढंच.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय?

एक साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला एक छोटा शब्द (अप, डाऊन, ऑन, ऑफ, इन, आउट, अवे, बॅक वगैरे). दोन्ही मिळून नवा अर्थ तयार होतो.

'गिव्ह' म्हणजे देणे. 'गिव्ह बॅक' म्हणजे परत देणे. इथपर्यंत सरळ आहे. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. इथे 'देणे'ही दिसत नाही आणि 'वर'ही दिसत नाही. मूल अडतं ते इथे.

हेच मराठीत बघा

'खाणे' हे क्रियापद घ्या. 'खा', 'खाऊन घे', 'खाऊन टाक', 'खाऊन बघ'. चारही वेळा खाणंच आहे, पण चारही वाक्यांचा अर्थ वेगळा. 'खाऊन घे' म्हणजे निघायच्या आधी तुझ्यासाठी उरकून घे. 'खाऊन टाक' म्हणजे उरवू नकोस, संपव. 'खाऊन बघ' म्हणजे चव घे. यात 'टाक' म्हणजे फेकणे नाही आणि 'बघ' म्हणजे डोळ्यांनी पाहणे नाही. व्याकरणाच्या तासाला आपण यांना संयुक्त क्रियापद म्हणतो. मुलं मात्र ती व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधीपासून बिनचूक वापरतात.

आणि 'लागणे' तर विचारूच नका. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागतं. फलाटाला गाडी लागते आणि घाटात एखाद्याला 'गाडी लागते'. 'पाऊस पडू लागला' आणि 'मला जावं लागलं' हे आणखी वेगळं. बाहेरून मराठी शिकणाऱ्याला हे ऐकून घाम फुटेल. आपल्या पहिलीतल्या पोराला काहीच वाटत नाही, कारण त्यानं 'लागणे'ची यादी पाठ केलेली नाही. प्रत्येक वापर त्यानं त्या त्या प्रसंगात ऐकला आहे.

म्हणून वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी लिहूच नका. 'टाकणे, घेणे, देणे, ठेवणे, बसणे' लिहा आणि मुलांकडून वाक्यं काढून घ्या. मग म्हणा, "इंग्रजीवालेही असंच करतात. आपण मागे दुसरं क्रियापद जोडतो, ते मागे छोटा शब्द जोडतात."

काही जोड्या तर अगदी जवळच्या आहेत:

- शोधून काढणे – 'फाइंड आउट' (काढणे म्हणजे बाहेर, 'आउट' म्हणजेही बाहेर)
- बंद पडणे – 'ब्रेक डाऊन' (आपली गाडी 'पडते', त्यांची 'डाऊन' जाते)
- फेकून देणे – 'थ्रो अवे'
- पळून जाणे – 'रन अवे'
- लिहून घेणे – 'राइट डाऊन'
- पुढे ढकलणे – 'पुट ऑफ'

बोलण्याचे शब्द वेगळे, कागदावरचे वेगळे

शेवटचं उदाहरण जरा थांबून बघू. आपण घरी म्हणतो "कार्यक्रम पुढे ढकलला", नोटिशीत लिहितो "कार्यक्रम स्थगित करण्यात आला आहे". इंग्रजीतही तसंच आहे. बोलताना 'पुट ऑफ', कागदावर 'पोस्टपोन'. बोलताना 'पुट आउट', कागदावर 'एक्स्टिंग्विश' (आग विझवणे). बोलताना 'फाइंड आउट', कागदावर 'डिस्कव्हर'. कागदावरचे यातले बरेच शब्द लॅटिनकडून आले, जसे आपले संस्कृतातून आले. छोट्या शब्दांच्या जोड्या मात्र घरगुती इंग्रजीच्या आहेत.

आपली मुलं बहुतेक कागदावरचंच इंग्रजी शिकतात. म्हणून उतारा वाचून उत्तर लिहिणारा मुलगा वाळूजच्या कंपनीत मुलाखतीला गेला, की समोरच्याचं साधं "कॅरी ऑन" किंवा "फिल इन द फॉर्म" ऐकून गांगरतो. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही. त्याला बोलण्यातलं इंग्रजी कुणी ऐकवलेलंच नसतं.

छोट्या शब्दांचा स्वभाव ओळखा

शंभर जोड्यांपेक्षा सहा-सात छोट्या शब्दांचा स्वभाव कळला, तर निम्मं काम होतं.

- अप: एक अर्थ वर ('स्टँड अप', 'गेट अप'). दुसरा अर्थ पूर्ण, संपेपर्यंत ('ईट अप', 'यूज अप', 'क्लीन अप'). हा दुसरा 'अप' आपल्या 'टाकणे'सारखा आहे.
- डाऊन: खाली ('सिट डाऊन'), बंद पडणे ('ब्रेक डाऊन'), कागदावर उतरवणे ('राइट डाऊन').
- ऑन: वर चढवणे ('पुट ऑन'), चालू करणे ('स्विच ऑन'), चालू ठेवणे ('गो ऑन', 'कॅरी ऑन').
- ऑफ: सुटणे, वेगळं होणे. अंगावरून काढणे ('टेक ऑफ'), गाडीतून उतरणे ('गेट ऑफ'), बंद करणे ('स्विच ऑफ'), प्रवासाला निघणे ('सेट ऑफ').
- आउट: बाहेर ('गो आउट'), उलगडा होणे ('फाइंड आउट'), संपणे ('रन आउट ऑफ').
- अवे: दूर ('गो अवे', 'थ्रो अवे').
- बॅक: परत ('कम बॅक', 'कॉल बॅक').

काही जोड्या मात्र या कुठल्याच नियमात बसत नाहीत. 'लुक आफ्टर' (काळजी घेणे), 'लुक फॉर' (शोधणे), 'पुट अप विथ' (सहन करणे). या आपल्या 'नोकरी लागणे'सारख्या आहेत. त्या पूर्ण वाक्यातच द्याव्यात: "माय आजी लुक्स आफ्टर मी." 'आजी' तसंच राहू द्या. मूल हसतं आणि वाक्य लक्षात राहतं.

मराठी कुठे पाय अडकवते?

मराठीचा आधार घ्यायचा, पण ती कुठे फसवते हेही सांगायला हवं.

१. 'क्लोज द फॅन': आपण दारही बंद करतो आणि पंखाही बंद करतो. इंग्रजीत दार 'क्लोज', पंखा 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'.

२. 'कट द फोन': आपण फोन कट करतो. इंग्रजीत फोन ठेवणे म्हणजे 'हँग अप'. 'थांबा जरा' म्हणजे 'होल्ड ऑन'.

३. 'वेअर युवर शूज': बूट घालण्याची क्रिया म्हणजे 'पुट ऑन'. 'वेअर' म्हणजे घातलेले असणे. सकाळी घरात 'पुट ऑन', दिवसभर 'वेअर'.

४. चढणे-उतरणे: लासूर स्टेशनच्या मुलांसाठी हे सगळ्यात सोपं. आपण रेल्वेतही चढतो आणि रिक्षातही बसतो-उतरतो. इंग्रजीत रेल्वे, एसटी, विमान यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. रिक्षा, कार यांना 'गेट इन' आणि 'गेट आउट'. खूण अशी: ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन-ऑफ', ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला 'इन-आउट'. सायकल आणि मोटारसायकलवर आपण वर बसतो, म्हणून तिथेही 'ऑन-ऑफ'.

५. जाग येणे आणि उठणे: 'वेक अप' म्हणजे जाग येणे, 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणे. पाचला जाग आली आणि सातला उठलो, हे दोन वेगळे शब्द मुलांना लगेच पटतात.

६. जास्तीचा शब्द: 'कोप अप विथ' नाही, फक्त 'कोप विथ'. 'रिटर्न बॅक' नाही, कारण 'रिटर्न'मध्येच परत आलं.

'इट' कुठे बसवायचा?

"पंखा बंद कर" हे "स्विच ऑफ द फॅन" किंवा "स्विच द फॅन ऑफ" असं दोन्ही चालतं. पण "तो बंद कर" म्हणताना 'इट' मध्येच येतो: "स्विच इट ऑफ." "स्विच ऑफ इट" होत नाही. तसंच "पुट देम ऑन", "थ्रो इट अवे". मात्र 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' अशा जोड्या फुटत नाहीत. तिथे "लुक आफ्टर हर" असंच. नियम सांगण्यापेक्षा वीस वेळा तालात म्हणून घ्या, कानाला आपोआप सवय होते. बदल होतो तो क्रियापदात: "आय गॉट अप ॲट सिक्स." 'अप' तसाच राहतो.

मुलांना आधीच किती येतं?

ही यादी मुलांकडूनच काढून घ्या: मेकअप, चेकअप, बॅकअप, टॉप-अप, लॉग इन, लॉग आउट, स्विच ऑफ, लॉकडाऊन, टेक-ऑफ. बाजार समितीत कांदा घेऊन येणारी पिकअप गाडी तर रोजची. 'पिक अप' म्हणजे उचलणे, कुणाला घ्यायला जाणे. तिथून 'ड्रॉप ऑफ' म्हणजे सोडणे, हे एका मिनिटात होतं. आपल्या गावाच्या नावातच रेल्वेनं इंग्रजी शब्द बसवला आहे. मग इंग्रजीला परकं कशाला मानायचं?

वर्गात कसं घ्यावं?

- आठवड्याला पाचच जोड्या, आणि त्याही एकाच प्रसंगातल्या. पहिला आठवडा घर ('वेक अप, गेट अप, पुट ऑन, टेक ऑफ, स्विच ऑफ'). दुसरा आठवडा स्टेशन ('सेट ऑफ, गेट ऑन, गेट ऑफ, सी ऑफ, कम बॅक'). पुढे बाजार, फोन, शाळा.
- आधी कृती, मग शब्द, शेवटी लिखाण. बाकं लावून डबा बनवा. पाटी धरा: रोटेगाव, लासूर, पोटूळ. मुलं चढतील, उतरतील आणि बोलतील.
- अर्थ विचारू नका, प्रसंग विचारा. "'रन आउट ऑफ' म्हणजे काय?" यापेक्षा "घरातली साखर संपली, आईला कसं सांगशील?"
- मुलांनी मुलांना शिकवू द्या.

शेवटच्या मुद्द्याला आपल्याच जिल्ह्यात दाखला आहे. शहरापासून साधारण २५ किलोमीटरवरच्या गाडीवाटची जिल्हा परिषद शाळा २०२० मध्ये देशभरच्या बातम्यांत आली होती. कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल असं मुलांना विचारलं, तर रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीनं त्यांनी जपानी निवडली. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवर सुरुवात झाली, नंतर शहरातल्या एका जाणकारानं विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. कोरोनाच्या काळातली गोष्ट आहे ही. मराठी शाळेतली मुलं आपसांत जपानी बोलू लागली, तर आजूबाजूला रोज कानावर पडणारी इंग्रजी का नाही बोलणार?

पालकांसाठी दोन शब्द

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत यायचं. त्यामुळे आजच्या पुष्कळ आई-वडिलांना वाटतं, "आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?" पण इथे तुम्हाला शिकवायचं नाहीच, फक्त विचारायचं आहे. पंखा बंद करताना विचारा, "याला इंग्रजीत काय म्हणतात रे?" मूल सांगेल, तुम्ही म्हणून बघा. आईला शिकवताना मुलाचं पक्कं होतं. चुकलं तर लगेच टोकू नका. "क्लोज द फॅन" म्हणालं, तरी ते बोललं हे महत्त्वाचं. तुम्ही किंवा त्याच्या बाईंनी नंतर सहज "स्विच ऑफ" म्हणावं, पुरे.

आणि एक विनंती. इंग्रजी यावं म्हणून घरातली मराठी कमी करू नका. 'खाऊन घे' आणि 'खाऊन टाक' यातला फरक ज्या मुलाला कळतो, त्याला 'ईट' आणि 'ईट अप' यातला फरक समजावून सांगता येतो. पहिला फरकच कळला नाही, तर दुसरा कशाच्या आधारानं सांगणार?

उद्याच्या तासाला पाच जोड्या घेऊन बघा. तुमच्या मुलांनी मराठीतली कोणती जोडी शोधून काढली, तीही लिहून ठेवा. पुढच्या आठवड्याचा धडा त्यातूनच तयार होईल.