पडीक जमिनीचे मोल

शहरातील एखादा भूखंड वापरात नसला, की दप्तरी त्याची नोंद ‘पडीक’ अशी होते. आणि पडीक म्हणजे निरुपयोगी, हे सहसा गृहीतच धरले जाते. या समजुतीला बर्लिनच्या दक्षिण भागातील श्योनेबर्ग येथील निसर्गोद्यानाने सडेतोड उत्तर दिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे टेम्पलहोफचे विस्तीर्ण रेल्वे यार्ड उभे राहिले. मालगाड्यांचे डबे सोडवून नव्या गाड्या जुळविण्याचे काम तेथे चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची फाळणी झाली. यार्ड पश्चिम बर्लिनमध्ये, तर रेल्वेचा कारभार पूर्व जर्मनीच्या हाती, अशी विचित्र अवस्था ओढवली. १९५२ मध्ये तेथील काम थांबले. मग रुळांमधील खडीतून गवत वर आले, भूर्जवृक्ष उगवले, मूळचा अमेरिकेतील रोबिनिया फोफावला. कोणीही लागवड न करता तीन दशकांत तेथे रान उभे राहिले.

पुढे याच जागी नवे मालस्थानक बांधण्याची योजना निघाली, तेव्हा १९८० च्या सुमारास नागरिक तिच्याविरुद्ध संघटित झाले. तेथील वनस्पतींच्या शास्त्रीय पाहणीने त्यांची बाजू बळकट केली. अखेर ती योजना बारगळली. १९९९ मध्ये जागेला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००० मध्ये सुमारे १८ हेक्टरांचे हे उद्यान लोकांस खुले झाले. जुने रूळ, पाण्याची उंच टाकी आणि इंजिने वळविण्याचे चक्र तेथे आजही जपलेले आहे. नाजूक भागात पाऊल जमिनीवर पडू नये, म्हणून पोलादी पायवाट उचलून बांधली आहे.

तथापि, जागा तशीच सोडून देणे पुरेसे नव्हते. १९८१ ते १९९१ या काळात तेथील झाडीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि दुर्मीळ वनस्पती व कीटकांना आसरा देणारी मोकळी गवताळ जागा त्या प्रमाणात आक्रसली. म्हणून काही भागांत झाडी मुद्दाम रोखली जाते, गवत कापले जाते. उरलेल्या भागांत रानाला वाढू दिले जाते. निसर्गाला मोकळे सोडणे आणि निसर्ग राखणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा येथील महत्त्वाचा धडा होय.

रेल्वेने सोडलेल्या जमिनी अनेक शहरांत आहेत आणि त्यांचे बाजारभाव सर्वांस ठाऊक असतात. परंतु तेथे काय उगवले आहे, याची मोजदाद बांधकामाच्या मंजुरीपूर्वी झाली पाहिजे, आणि ती मागण्याचा हक्क नागरिकांनी बजावला पाहिजे. भूखंडाचा लिलाव एका दिवसात उरकतो. त्यावरील रान उभे राहण्यास मात्र ३० वर्षे लागतात.